काच, चांदी आणि कावसजी

बारामती किंवा इंदापूरच्या बाजारपेठेतल्या चष्म्याच्या दुकानात सकाळपासून वर्दळ असते. कोणाला शाळकरी मुलाचा नंबर तपासायचा असतो, तर कोणाला चाळिशी लागलेली असते. वयाच्या चाळिशीच्या सुमारास डोळ्यातले नैसर्गिक भिंग ताठर होऊ लागते, जवळचे अक्षर धूसर दिसते आणि वाचायला चष्मा घ्यावा लागतो. मराठीने या वयालाही चाळिशी म्हटले आणि त्या चष्म्यालाही. या दुकानांपासून थोड्याच अंतरावर, भीमेपलीकडच्या जेऊरच्या माळावर, २२ जानेवारी १८९८ रोजी चाळिशीतलाच एक प्राध्यापक भर दुपारी अंधार पडण्याची वाट पाहत उभा होता. त्यांचे नाव कावसजी दादाभाई नायगमवाला. पुण्यात एका महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या वेधशाळेचे ते संस्थापक होते आणि त्या वेधशाळेतली दुर्बीण देशातली सर्वांत मोठी होती.

पाच हजार रुपयांची देणगी

नायगमवाला यांचा जन्म १८५७ चा. पारशी कुटुंबातल्या या हुशार मुलाने मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचा अभ्यास केला, एम. ए. ला सुवर्णपदक मिळवले आणि १८८२ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकवायला सुरुवात केली. आजचे सीओईपी ते हेच. त्याच वर्षी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी कॉलेज पाहायला आले. प्रकाशाचे पृथक्करण करून पदार्थ ओळखण्याचे शास्त्र तेव्हा नवे होते. त्याची प्रयोगशाळा उभारण्यासाठी महाराजांनी पाच हजार रुपये दिले आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली.

पुढे नायगमवाला उपकरणे पाहण्यासाठी इंग्लंडला गेले. तिथल्या ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञांशी बोलताना योजनेला वेगळेच वळण लागले. नुसती प्रयोगशाळा कशाला, ताऱ्यांच्या प्रकाशाचेच पृथक्करण करणारी वेधशाळा का नको, असा विचार पुढे आला. असा सल्ला देणाऱ्यांत नॉर्मन लॉकयर हे मोठे नाव होते. सूर्याच्या प्रकाशात हेलियमची खूण ओळखणारे आणि ‘नेचर’ हे नियतकालिक सुरू करणारे लॉकयर ते हेच. १८८८ मध्ये पुण्यात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिची मुख्य दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातली आणि वीस इंची आरशाची होती. अंधारात माणसाची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. वीस इंची आरसा तिच्या पाच हजार पटींहून अधिक प्रकाश गोळा करतो.

आरसा काचेचा नव्हे, चांदीचा

दुर्बिणीतला आरसा घरातल्या आरशासारखा नसतो. घरच्या आरशात चकाकणारा थर काचेच्या मागे असतो आणि प्रकाश काचेतून जाऊन परत येतो. दुर्बिणीच्या आरशात तो थर पुढच्या बाजूला असतो. प्रकाश काचेत शिरतच नाही. काच फक्त अचूक घासलेली बैठक म्हणून वापरली जाते, खरे काम तिच्यावरची चांदी करते. या थराची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढी असते.

त्याआधी जवळपास दोनशे वर्षे दुर्बिणींचे आरसे काशाचेच असत. न्यूटनने १६६८ मध्ये आपल्या पहिल्या आरशाच्या दुर्बिणीत तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू वापरला. आपल्याकडे कासार ज्या काशाची ताटे-वाट्या विकतात, त्याच्याच नात्यातला हा धातू होता. फरक एवढाच की, त्यात कथिलाचे प्रमाण जवळजवळ एक तृतीयांश असे. त्यामुळे तो पांढराशुभ्र चमके, पण काचेसारखा ठिसूळ होई. केरळातल्या अरन्मुळाचे प्रसिद्ध आरसे याच कुळातले आहेत. अशा धातूच्या आरशाला दोन दोष होते. वजन फार भरे आणि डाग पडला की पुन्हा घासावे लागे. घासताना त्याचा नेमका आकार बिघडण्याची भीती असे. म्हणजे आरसा साफ करणे आणि नव्याने घडवणे हे जवळपास एकच काम झाले होते.

१८५० च्या दशकात ही अडचण दूर झाली. चांदीच्या क्षाराच्या द्रावणात साखरेसारखा पदार्थ मिसळला की शुद्ध चांदी काचेवर उतरते, हे रसायनशास्त्रज्ञांना कळले होते. पॅरिसमध्ये फूको आणि जर्मनीत श्टाइनहाइल यांनी ही युक्ती दुर्बिणीसाठी वापरली. आता चांदी काळवंडली की ती आम्लाने धुऊन काढायची आणि नवा थर चढवायचा, खालच्या काचेचा आकार तसाच राहतो. पुण्याची दुर्बीण या नव्या पद्धतीची होती. पण चांदीचा आरसा सांभाळणे सोपे नव्हते. हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी पैंजण काळे पडतात, तसाच आरसाही काळवंडतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत त्याची फार निगा राखावी लागते. चांदीची जागा ॲल्युमिनियमने घेतली ती १९३० च्या दशकात, निर्वात पात्रात धातूची वाफ करून थर चढवण्याचे तंत्र आल्यावर.

चश्म, दूरबीन आणि मसूर

या वस्तूंची नावे त्यांच्या प्रवासाचीही गोष्ट सांगतात. चष्मा हा शब्द फारसीतल्या चश्म म्हणजे डोळा या शब्दावरून आला. हिंदी-उर्दूतल्या ऐनक शब्दाच्या मुळाशी अरबीतला ऐन आहे आणि त्याचाही अर्थ डोळाच. दुर्बीण म्हणजे फारसीतले दूर-बीन, लांबचे पाहणारी. आरसा मात्र आपल्या घरचा, संस्कृत आदर्शातून प्राकृतात आणि तिथून मराठीत आलेला. ज्याच्यात पाहावे तो आदर्श. थोर माणसाला आपण आदर्श म्हणतो, तेव्हा नकळत त्याला आरसाच म्हणत असतो.

युरोपातले शब्दही मजेशीर आहेत. लेन्स हा लॅटिनमध्ये मसुरीच्या डाळीचा शब्द. दोन्ही बाजूंनी फुगीर भिंग मसुरीच्या दाण्यासारखे दिसते म्हणून ते नाव मिळाले. जर्मन लोक चष्म्याला ब्रिले म्हणतात. तो बेरिल या पारदर्शक खनिजावरून आला, कारण काच नितळ निघत नव्हती तेव्हा अशा स्फटिकांची भिंगे घासली जात. बेरिल हे नाव ग्रीकांमार्फत आपल्या प्राकृत वेरुलिय, म्हणजे संस्कृत वैडूर्य या शब्दापर्यंत पोहोचते, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे जर्मन आजोबांच्या नाकावरच्या चष्म्यातही एक भारतीय रत्न लपलेले आहे. आज आपल्या चष्म्यातली काच बहुतेक वेळा काच नसतेच, ती कठीण प्लास्टिकची असते. शब्द तेवढा टिकला आहे.

गुरूच्या मताविरुद्धची एक रेघ

नायगमवाला यांची कसोटी लागली ती एका हिरव्या रेघेमुळे. मृग नक्षत्रात एक अंधुक तेजोमेघ आहे. त्याचा प्रकाश लोलकातून पसरवला की इंद्रधनुष्याचा सलग पट्टा न दिसता काही ठळक रेघा दिसतात आणि त्यांतली सर्वांत तेजस्वी रेघ हिरवट असते. ती कोणत्या मूलद्रव्याची, हे कोणालाच ठाऊक नव्हते. लॉकयर यांचे म्हणणे होते की, ती तापलेल्या मॅग्नेशियमची असावी. तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे, हा त्यांचा लाडका सिद्धान्त बऱ्याच अंशी या रेघेवर उभा होता.

याचा निवाडा रेघेच्या आकारावरून होणार होता. मॅग्नेशियमचा तो पट्टा एका कडेला रेखीव असतो आणि दुसऱ्या बाजूला विरत जातो. हिरवी रेघ त्याचाच उरलेला भाग असेल, तर तीही एका बाजूने पुसट दिसायला हवी. नायगमवालांनी पुण्याच्या दुर्बिणीला प्रकाश खूप पसरवणारे उपकरण जोडून ती पुन्हा पुन्हा तपासली. रेघ दोन्ही बाजूंनी सुरीच्या धारेसारखी रेखीव दिसली. १८९१ मध्ये त्यांनी हा निष्कर्ष लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली, त्यांच्याच सिद्धान्ताला तडा देणारी ही नोंद होती. वसाहतीतल्या एका तरुण अध्यापकासाठी असे लिहिणे सोपे नव्हते. पण दुर्बिणीत जे दिसले तेच त्यांनी लिहिले. रेघ मॅग्नेशियमची नव्हती, हे काळाने सिद्ध केले. तिचा उलगडा १९२७ मध्ये अमेरिकेतल्या आयरा बोवेन यांनी केला. अतिविरळ वायूत दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन असा प्रकाश देतो. आपण श्वासात घेतो तेच मूलद्रव्य आकाशात ओळखू येत नव्हते.

जेऊरची दोन मिनिटे

२२ जानेवारी १८९८ ची पौष अमावास्या ही पुढची मोठी संधी होती. खग्रास सूर्यग्रहणाची सावली विजयदुर्गजवळ किनाऱ्यावर चढून कराड, इंदापूर, जेऊर असा ईशान्येकडे प्रवास करत विदर्भात जाणार होती. लॉकयर विजयदुर्गला उतरले. विदर्भातल्या तळणीला ब्रिटिश निरीक्षक थांबले आणि तिथेच ॲनी माँडर यांनी सूर्याच्या प्रभामंडळाचा लांबवर गेलेला पट्टा छायाचित्रात पकडला. जेऊरला नायगमवालांची पुण्याची तुकडी होती, तशीच कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेच्या कॅम्पबेल यांची मोहीमही चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आली होती.

जेऊर निवडण्याची कारणे व्यवहारी होती. पुण्याहून सोलापूरकडे जाणारी रेल्वे इंदापूर तालुक्यातल्या भिगवणवरून पुढे भीमा ओलांडून थेट जेऊरला पोहोचते, त्यामुळे नाजूक काचसामान बैलगाडीत लांबवर हिंदकळत न्यावे लागणार नव्हते. पर्जन्यछायेतल्या या मुलखात जानेवारीचे आकाशही निरभ्र असते. उजनीचे पाणी तेव्हा नव्हते. होता तो उघडा माळ. काळ मात्र कठीण होता. पुणे-मुंबईत प्लेगने थैमान घातले होते आणि रेल्वेच्या प्रवाशांची तपासणी होत होती. अशा दिवसांत माणसे आणि उपकरणे ठरल्या वेळी माळावर नेणे हेच मोठे काम होते.

खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची होती. सूर्याची तबकडी झाकली जाताना तिच्या कडेचा प्रकाश काही क्षणच वेगळा दिसतो आणि मग प्रभामंडळ उघडे पडते. या प्रकाशाचे पृथक्करण करून सूर्याच्या वातावरणात काय आहे ते नोंदवायचे होते. आकाशाने साथ दिली आणि काम पार पडले. त्या निरीक्षणांचा सविस्तर अहवाल वेधशाळेच्या प्रकाशनमालेचा पहिला खंड म्हणून १९०२ मध्ये छापला गेला. त्याच्या मुखपृष्ठामुळे करमाळा तालुक्यातल्या या छोट्या स्टेशनचे नाव जगातल्या वेधशाळांच्या कपाटांत पोहोचले.

ग्रहण पाहण्याचा एक धडा तेव्हाइतकाच आजही खरा आहे. सूर्य थोडासाही उघडा असताना त्याच्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहू नये. दुर्बिणीतून तर मुळीच नाही, कारण तिचे भिंग सगळी उष्णता डोळ्याच्या पडद्यावर एकवटते. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म किंवा साधा गॉगल पुरेसा नाही. डोळ्याच्या पडद्याला वेदना जाणवत नाही, म्हणून इजा होताना कळत नाही. प्रमाणित सौर चष्मा वापरावा किंवा पुठ्ठ्याला बारीक छिद्र पाडून सूर्याची प्रतिमा कागदावर पाहावी.

माणूस गेला, वेधशाळा गेली

नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले आणि त्याच वर्षी वेधशाळा बंद झाली. एका माणसाच्या उत्साहावर उभी राहिलेली संस्था त्याच्या निवृत्तीनंतर चालवायला कोणी उरले नाही. हाताखाली पुढची पिढी तयार झाली नव्हती आणि सरकारचे लक्ष कोडाईकनालच्या सौर वेधशाळेकडे वळले होते. पुण्याची उपकरणे तिकडे रवाना झाली. वीस इंची दुर्बीणही गेली आणि दात्याच्या आठवणीने भावनगर दुर्बीण म्हणून ओळखली जाऊ लागली. कित्येक वर्षे ती वापराविनाच राहिली. नायगमवाला १९३८ पर्यंत जगले. म्हणजे ज्या हिरव्या रेघेवरून त्यांनी गुरूच्या मताला छेद दिला होता, तिचा उलगडा होऊन अकरा वर्षे झाली, तोवर ते हयात होते.

पुणे परिसर आज खगोलशास्त्राचे मोठे केंद्र आहे. आयुका आहे, नारायणगावजवळ खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. पण भौतिकशास्त्राच्या नजरेने ताऱ्यांकडे पाहण्याची सुरुवात या शहरात एका पारशी प्राध्यापकाने, चांदीचा मुलामा दिलेल्या काचेच्या तुकड्यावर केली. हिवाळ्यात भिगवणला फ्लेमिंगो पाहायला दुर्बीण घेऊन जाणाऱ्यांनी संध्याकाळी अंधार पडल्यावर तीच दुर्बीण पूर्वेला उगवलेल्या मृगाकडे वळवावी. तीन ठळक ताऱ्यांच्या खाली एक अंधुक ढग दिसेल. नायगमवालांची हिरवी रेघ तिथेच आहे.