दहा गुंठ्यांतली उंदरांची वस्ती

शहरातील उंदीर विष घालून मारले तरी काही महिन्यांत पुन्हा तेवढेच का होतात? दुसऱ्या महायुद्धानंतर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात या प्रश्नावर काम सुरू होते. १९४६ मध्ये तेथे जॉन कॅलहून हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ दाखल झाला. १९१७ मध्ये टेनेसी राज्यात जन्मलेल्या कॅलहून यांना लहानपणापासून पक्षिनिरीक्षणाचा छंद होता. निरीक्षणाची ती चिकाटी उंदरांच्या अभ्यासात कामी आली.

१९४७ मध्ये त्यांनी टाउसन येथे पाव एकर, म्हणजे दहा गुंठे, जागेला कुंपण घालून त्यात रानटी उंदीर सोडले. अन्नपाणी मुबलक होते आणि शिकाऱ्यांचे भय नव्हते. हिशेबाने सव्वादोन वर्षांत पाच हजार उंदीर व्हायला हवे होते. प्रत्यक्षात प्रौढांची संख्या दीडशेच्या आसपास स्थिरावली. उंदरांनी साधारण डझनाचे गट करून आपापली बिळे वाटून घेतली होती. सततच्या झटापटींच्या ताणामुळे माद्यांचे पिलांकडे दुर्लक्ष होई आणि बहुतेक पिले दगावत. उपासमार नसतानाही वाढ थांबली होती. याच सुमारास जॉन ख्रिश्चन या संशोधकाने गर्दीचा ताण, अधिवृक्क ग्रंथी आणि घटणारे प्रजनन यांचा संबंध मांडला.

पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत कॅलहून यांनी बंदिस्त जागेत प्रयोग केले. १९६२ मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि उंदरांच्या गर्दीतील विकृत वर्तनाची जगभर चर्चा झाली. जुलै १९६८ मध्ये त्यांनी आठ पांढऱ्या उंदरांपासून सुरू केलेली वसाहत सुमारे दीड वर्षात बावीसशेवर गेली. जागा जवळपास चार हजारांची होती, तरी वाढ तिथेच थांबली. काही नर भांडणे आणि माद्या दोन्ही टाळून नुसते अंग चाटत बसत. पुढे जन्मच थांबले आणि ती वसाहत संपली.

लोकसंख्यावाढीच्या धास्तीच्या त्या काळात अनेकांनी यातून माणसाचे भविष्य वाचले. गर्दी म्हणजे विनाश, हा सोपा निष्कर्ष लोकप्रिय झाला. कॅलहून यांच्या मते मात्र खरे दुखणे जागेच्या टंचाईपेक्षा टाळता न येणाऱ्या नकोशा संपर्काचे होते. दाटीतही प्रत्येकाला आपली भूमिका आणि थोडा एकांत मिळाला तर समाज टिकतो का, हे शोधण्यात त्यांनी पुढची वर्षे घालवली. माणसांवरील नंतरच्या अभ्यासांतही निव्वळ दाटीवाटीमुळे वर्तन बिघडतेच असे दिसले नाही.

७ सप्टेंबर १९९५ रोजी कॅलहून यांचे निधन झाले. त्यांच्या प्रयोगांतला विनाश लोकांच्या लक्षात राहिला. त्यावर त्यांनी शोधलेल्या उपायांकडे मात्र फारसे कुणी पाहिले नाही.