गुहेतील संयम

बायबलच्या 'जुन्या करारा'त अनेक राजांच्या कथा आहेत. गोव्यात राहिलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'ख्रिस्तपुराणा'त जुन्या करारातील कथाभाग मराठी ओव्यांत सांगितला. या राजांमध्ये दाविदाची कथा विशेष प्रसिद्ध आहे. त्याचा काळ सामान्यतः इ. स. पू. दहावे शतक मानला जातो.

दावीद हा बेथलेहेम येथील इशायाचा आठवा, सर्वांत धाकटा मुलगा. घरची मेंढरे राखणे हे त्याचे काम. शमुवेल हा संदेष्टा भावी राजाची निवड करण्यास आला, तेव्हा वडिलांनी थोरले सात मुलगे पुढे आणले. धाकट्याला रानातून बोलावण्याचे कोणाला सुचलेही नाही. शमुवेलाने मात्र त्यालाच बोलावून अभिषेक केला. अभिषेक होऊनही दावीद पुन्हा मेंढरांकडेच गेला.

त्या वेळी शौल हा इस्राएलचा राजा होता. त्याचे मन वारंवार अस्वस्थ होई. दाविदाच्या वीणावादनाने त्याला शांती लाभे. पुढे दाविदाने गोफणीच्या एका दगडाने धिप्पाड गल्याथाला पाडले. स्त्रिया राजापेक्षा दाविदाचा पराक्रम अधिक गाऊ लागल्या आणि शौलाच्या मनात मत्सर पेटला. त्याने वीणा वाजवणाऱ्या दाविदावरच भाला फेकला. राजकन्या मीखल ही दाविदाची पत्नी. तिने त्याला खिडकीतून उतरवून वाचवले. राजपुत्र योनाथान याने जिवलग मित्र म्हणून त्याला सावध केले.

दावीद रानोमाळ भटकू लागला. नोब येथील याजकाने त्याला भाकर दिली, एवढ्याच कारणावरून शौलाने पंच्याऐंशी याजकांची हत्या करवली. त्यांतून वाचलेला अब्याथार दाविदाकडे आला, तेव्हा दाविदाने राजाला दोष देण्याआधी स्वतःची चूक कबूल केली आणि त्याला आश्रय दिला. अदुल्लामच्या गुहेत कर्जबाजारी, गांजलेली अशी सुमारे चारशे माणसे त्याच्याभोवती जमली.

शौल तीन हजार निवडक सैनिक घेऊन एन-गेदीच्या रानात आला. ज्या गुहेत दावीद लपला होता, तिच्यातच तो एकटा शिरला. सूड घेण्याची संधी चालून आली होती. सोबत्यांनी आग्रहही केला. दाविदाने राजाच्या झग्याचा केवळ काठ कापला. पण तेवढ्यानेही त्याचे मन त्याला टोचू लागले. बाहेर येऊन त्याने जमिनीपर्यंत वाकून नमस्कार केला आणि स्वतःची तुलना एका क्षुद्र पिसवेशी केली. शौलाला रडू आले. तरीही पुढे त्याने पाठलाग केलाच. पुन्हा एका रात्री झोपलेला राजा हाती सापडला असता दाविदाने त्याचा भाला व पाण्याचा तांब्या तेवढा नेला.

गिलबोवा डोंगरावरील लढाईत शौल आणि योनाथान यांचा अंत झाला. वार्ता ऐकून दाविदाने आनंद न मानता उपवास केला व विलापगीत रचले. पुढे त्याने चाळीस वर्षे राज्य केले.

सत्ता हाती आल्यावर मात्र त्याच्याही हातून घोर अन्याय घडला. आपल्या उरीया नावाच्या सैनिकाची पत्नी त्याने घेतली आणि उरीयाला रणात मारवले. नाथान संदेष्ट्याने एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगून त्याला त्याचे पाप दाखवले. दाविदाने संदेष्ट्यावर भाला उगारला नाही. त्याने आपला अपराध मान्य केला. दुर्बल असताना नम्र राहणे सोपे असते. सिंहासनावर बसून मान खाली घालणे अवघड. शौल आणि दावीद यांच्यातील खरे अंतर येथेच दिसते.