संगीतसूर्य केशवराव भोसले

मराठी संगीत रंगभूमीला अवघ्या ३१ वर्षांच्या आयुष्यात उजळून टाकणारे गायक-नट म्हणजे संगीतसूर्य केशवराव भोसले. ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात जन्मलेल्या केशवरावांच्या डोक्यावरील पित्याचे छत्र लवकर हरपले. घरच्या गरिबीमुळे शाळा दूर राहिली आणि बालवयातच त्यांना स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल व्हावे लागले. पोटासाठी पत्करलेला हा मार्गच पुढे त्यांचे जीवनकार्य ठरला.

गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’ या नाटकातील शारदेच्या भूमिकेने त्यांना कीर्ती मिळवून दिली. वृद्धाशी विवाह लावून दिल्या जाणाऱ्या मुलीची व्यथा या बालनटाच्या गळ्यातून प्रेक्षकांच्या काळजाला भिडत असे. तारसप्तकात लीलया फिरणारा आवाज आणि वेगवान तान ही त्यांच्या गायकीची वैशिष्ट्ये होती. तिला शास्त्रीय संगीताची बैठक लाभली ती रामकृष्णबुवा वझे यांच्या तालमीमुळे.

१ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे केशवरावांनी ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची नाटक मंडळी स्थापन केली. त्या वेळी त्यांचे वय होते जेमतेम १७. केवळ गाण्यावर विसंबून न राहता त्यांनी नव्या विषयांना रंगमंच दिला. हिराबाई पेडणेकर यांचे ‘संगीत दामिनी’ त्यांनी रंगभूमीवर आणले. स्त्रीने लिहिलेले नाटक व्यावसायिक मंडळीने करणे त्या काळी धाडसाचेच होते. वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’, तसेच मामा वरेरकरांची हुंड्याच्या प्रश्नावरील ‘हाच मुलाचा बाप’ आणि धर्मांतराच्या प्रश्नावरील ‘संन्याशाचा संसार’ ही नाटकेही याच मंडळीने गाजविली.

बालगंधर्व आणि केशवराव हे त्या काळातील दोन मातब्बर प्रतिस्पर्धी. त्यांच्या चाहत्यांमध्येही तट पडलेले होते. मात्र टिळक स्वराज्य फंडासाठी दोघे एकत्र आले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालीवाला थिएटरमध्ये ‘संयुक्त मानापमान’ चा ऐतिहासिक प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी, तर केशवराव धैर्यधर. एरवी परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या दोन मंडळ्यांनी देशकार्यासाठी एकच रंगमंच वाटून घेतला.

या यशाचा आनंद मात्र अल्पकाळच टिकला. विषमज्वराने गाठले आणि ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, त्या प्रयोगानंतर तीन महिन्यांच्या आतच, केशवरावांची प्राणज्योत मालवली. कर्त्या पुरुषाच्या निधनानंतर मंडळी मोडण्याचीच भीती होती. परंतु बापूराव पेंढारकरांनी धुरा उचलली आणि पुढे भालचंद्र पेंढारकरांनी ती परंपरा चालविली. केशवरावांचा सूर थांबला, तरी त्यांची संस्था थांबली नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात उभारलेल्या पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येलाच, हे नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. त्या वेळी कोल्हापूरकरांच्या डोळ्यांत आलेले पाणी केवळ एका वास्तूसाठी नव्हते. ज्यांचे गाणे ऐकलेली पिढी केव्हाच काळाच्या पडद्याआड गेली, त्या कलावंताशी या गावाचे नाते शतकानंतरही किती जिवंत आहे, याचीच ती साक्ष होती.