सातपुड्यातला साहेब आणि त्याची गोळी

आम्हा नंदुरबारकरांना सातपुडा म्हणजे तोरणमाळ नि अक्राणी. पण ही रांग पूर्वेला पार पचमढीपर्यंत जाते. तिकडच्या रानात १८६२ साली जेम्स फॉरसिथ हा तरुण लष्करी अधिकारी हिंडत होता. पचमढीचा ‘बायसन लॉज’ त्याचाच. पुढे खानदेशाला लागून असलेल्या निमाडात त्याने जमीनमहसुलाची आकारणी केली.

मला कुतूहल आहे ते त्याच्या गोळीचे. त्या काळी लांबट, टोकदार गोळीचा बोलबाला होता. दूरच्या निशाण्याला ती उत्तम. पण जड असल्याने तिचा मार्ग कमानीसारखा वाकतो. झाडीत अंतराचा अंदाज जरा चुकला, की जनावर नुसते जखमी होते. आणि जखमी वाघाशी गाठ पडते ती बिचाऱ्या हाकेकऱ्याची! फॉरसिथने रूढीविरुद्ध जुनी गोल गोळीच उचलून धरली. मात्र नळीतले आटे सावकाश वळणारे हवेत, हा त्याचा आग्रह. मग भरपूर दारू ठासली तरी गोळी आट्यांवरून घसरत नाही. वेगाने, जवळजवळ सरळ जाते. १८६३ मध्ये त्याने यावर पुस्तकच लिहिले.

१८७१ मध्ये, तिशी जेमतेम उलटलेली असताना तो वारला. मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरचे त्याचे गाजलेले पुस्तक त्याच वर्षी निघाले. १९७२ च्या कायद्यानंतर शिकारीचे ते दिवस संपले, ते बरेच झाले. तरी चाप ओढण्याआधी परिणामांचा हिशेब मांडणारा हा माणूस मला विसरता येत नाही.