विश्लेषण : तलवारबाजीचे गुपित पुस्तकात उतरवणारा फिओरे देई लिबेरी कोण होता?

इटलीतील तलवारबाजीवरचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रंथ सहाशे वर्षांपूर्वीचा आहे. तो लिहिणाऱ्या वस्तादाने आयुष्यभर आपली विद्या बंद दाराआड शिकवली, ती इतर वस्तादांना दिली नाही म्हणून पाच वेळा जिवावरच्या लढती केल्या आणि उतारवयात तीच विद्या चित्रांसह कागदावर उतरवली. असे का घडले, याविषयी.

फिओरे मूळचा कुठला?

इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात फ्रिउली हा प्रांत आहे. तेथील चिविदाले या गावाजवळच्या प्रेमारियाक्कोतील लिबेरी घराण्यात, १४व्या शतकाच्या मध्यास फिओरेचा जन्म झाला. वडील बेनेदेत्तो हे लहानसे सरदार. शस्त्रविद्येची ओढ फिओरेला लहानपणापासून होती. इटालियन आणि जर्मन अशा दोन्ही वस्तादांकडे तो शिकला. गुरूंमध्ये त्याने योहानेस या श्वाबियातील जर्मन वस्तादाचे नाव आवर्जून नोंदवले आहे.

या प्रांतावर तेव्हा आक्विलेयाच्या धर्मप्रमुखाची सत्ता होती. १३८१ मध्ये फ्रेंच कार्डिनल फिलिप दालाँसों याची त्या पदावर नेमणूक झाली आणि यादवी पेटली. चिविदाले कार्डिनलच्या बाजूने, तर शेजारचे उदिने शहर विरोधात. १३८३ मध्ये फिओरे उदिनेच्या चाकरीत दाखल झाला. म्हणजे आपल्याच गावाच्या विरुद्ध बाजूला. शहराच्या मोठ्या धनुष्ययंत्रांची आणि इतर अवजड शस्त्रांची पाहणी व देखभाल हे त्याचे काम होते.

पाच द्वंद्वे कशासाठी झाली?

त्या काळात तलवारबाजी शिकवणे हा पोटापाण्याचा धंदा होता आणि गुपित हेच वस्तादाचे भांडवल. एखादा डाव प्रतिस्पर्ध्याला कळला की त्याची तोडही त्याला सापडणार. त्यामुळे फिओरे शिष्यांनाही एकांतात शिकवत असे. शिष्य आणि त्याचे अगदी जवळचे नातलग यांच्याशिवाय कोणाला तेथे प्रवेश नव्हता. तेथे थांबणाऱ्यांनाही काही उघड न करण्याची शपथ घ्यावी लागे.

इतर वस्तादांना त्याने शिकवायला नकार दिला आणि त्याच रागातून पाच वेळा आव्हान आले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. या लढती परक्या ठिकाणी, जवळ नातलग किंवा मित्र नसताना झाल्या. अंगात चिलखत नाही. फक्त जाड शिवणीचा अंगरखा, मऊ कातड्याचे हातमोजे आणि धार लावलेली तलवार. चिलखत असेल तर एखादा वार चुकवता आला नाही तरी निभावते, येथे पहिलीच चूक शेवटची ठरते, हे तो स्पष्ट सांगतो. पाचही वेळा आपण जखम न होता परतलो, असे तो नोंदवतो.

त्याचे शिष्य कोण होते?

बहुतेक शिष्य हे धंदेवाईक सेनानी आणि सरदार. द्वंद्व ठरले की ते तयारीसाठी फिओरेकडे येत. त्यातला सर्वांत नामांकित गालेआझ्झो दा मान्तोव्हा. १३९५ मध्ये पादुआत त्याची लढत फ्रान्सचा मार्शल बूसिको याच्याशी झाली. १३९९ मध्ये पाव्हियात जोव्हान्निनो दा बाज्जो हा शिष्य एका जर्मन योद्ध्याविरुद्ध उतरला.

मग पुस्तक का लिहिले?

कारण स्मरणशक्ती. चाळीस वर्षांहून अधिक काळ शिकूनही या विद्येचा आवाका एका डोक्यात मावत नाही, हे फिओरेने मान्य केले. त्याच्या शिष्यांपैकी फक्त गालेआझ्झोकडे या विषयाचे पुस्तक होते आणि पुस्तकाशिवाय कोणी चांगला वस्ताद होऊ शकत नाही, असे गालेआझ्झोचे मत होते. गुरूला ते पटले. गुपित म्हणून जपलेली विद्या वस्तादाबरोबरच संपते, हा धोका त्याने ओळखला.

‘फिओर दी बत्ताल्या’ म्हणजे ‘युद्धाचे फूल’ हा ग्रंथ त्याने फेर्राराचा सत्ताधीश निकोलो तिसरा देस्ते याला अर्पण केला. फिओरे या नावाचा अर्थही फूल असाच आहे. एका प्रतीच्या प्रस्तावनेत १४०९ हे साल आहे.

ग्रंथात नेमके काय आहे?

सुरुवात तलवारीने नव्हे, कुस्तीने होते. त्यानंतर खंजीर, एकहाती तलवार, दुहाती तलवार, चिलखतातील लढत, परशू, भाला आणि घोड्यावरची लढाई. शस्त्र बदलले तरी अंतर, तोल आणि पकडीचे नियम तेच राहतात, ही त्यामागची धारणा.

दुहाती तलवारीचे वजन साधारण सव्वा ते दीड किलो. ती दांडगाईने फिरवण्याचे हत्यार नव्हते. फिओरे तिचे १२ पवित्रे सांगतो. त्यांना ‘पोस्ता’ म्हणतात. ‘स्त्रीचा पवित्रा’ म्हणजे खांद्यामागून मोठा वार करण्याची तयारी. ‘लोखंडी दरवाजा’ म्हणजे तलवार खाली धरून बचावाची भक्कम जागा. ‘रानडुकराचा सुळा’ म्हणजे खालून वर तिरपी मुसंडी.

वार सात. वरून तिरपे दोन, खालून वर दोन, आडवे दोन आणि टोकाने खुपसणे. वरचा वार जबड्यातून शिरून पलीकडच्या गुडघ्याकडे जातो. खालचा वार त्याच वाटेने परततो.

पाती एकमेकांना भिडल्यावरचे डाव दोन प्रकारांत मोडतात. ‘झोगो लार्गो’ म्हणजे मोकळा खेळ. यात अंतर राखून पाते सोडवायचे आणि वार करायचा. ‘झोगो स्त्रेत्तो’ म्हणजे अंगलगीचा खेळ. यात प्रतिस्पर्ध्याचा हात धरणे, मुठीच्या गोळ्याने तोंडावर मारणे, तलवार हिसकावणे हे सारे येते. ‘गावंढळाचा वार’ नावाचा डाव तर अंगभर जोर लावून मारणाऱ्यासाठीच आहे. जोराला जोर लावायचा नाही. त्याचा वार पात्यावर घेऊन घसरू द्यायचा, बाजूला पाऊल टाकायचे आणि मोकळ्या पडलेल्या डोक्यावर किंवा हातांवर उलटा वार करायचा.

चित्रे कशी वाचायची?

येथे फिओरेची खरी हुशारी दिसते. डावाची पहिली तोड दाखवणाऱ्या वस्तादाच्या डोक्यावर मुकुट आहे. त्या तोडीतून पुढचे डाव करणाऱ्या शिष्याच्या गुडघ्याखाली सोनेरी पट्टी आहे. या दोघांवर उलटणाऱ्याकडे मुकुट आणि पट्टी दोन्ही. मजकूर न वाचताही कोण जिंकतो आहे आणि कोणत्या डावाला काय उत्तर आहे, हे साखळीसारखे उलगडत जाते.

आणखी एका चित्रात माणसाभोवती सात तलवारी आणि चार प्राणी आहेत. डोक्यावर लिंक्स हे रानमांजर. त्याच्या पंजात कंपास, म्हणजे अंतराचे अचूक माप. एका बाजूला बाण घेतलेला वाघ म्हणजे वेग, दुसरीकडे हृदय धरलेला सिंह म्हणजे धैर्य. पायाशी पाठीवर बुरूज घेतलेला हत्ती म्हणजे न ढळणारा तोल. चारही गुण हवेत, पण मापाची जागा सर्वांत वर आहे.

ग्रंथाचे पुढे काय झाले?

१५व्या शतकाच्या उत्तरार्धात फिलिप्पो व्हादी याने उर्बिनोच्या ड्यूकसाठी लिहिलेल्या ग्रंथावर फिओरेची छाप दिसते. पुढे युद्धतंत्र बदलले, तलवारी हलक्या व निमुळत्या झाल्या आणि ही पद्धत मागे पडली. १९०२ मध्ये फ्रान्चेस्को नोव्हाती या अभ्यासकाने पिझानी दोस्सी घराण्याकडील प्रत छापून प्रसिद्ध केली. इतर तीन प्रती आज लॉस एंजेलिसचे गेटी संग्रहालय, न्यूयॉर्कचे मॉर्गन ग्रंथालय आणि पॅरिसचे राष्ट्रीय ग्रंथालय येथे आहेत.

मधल्या काळात ही पद्धत शिकवणारी गुरू-शिष्य परंपरा उरली नव्हती. तरीही आज युरोप-अमेरिकेतील ऐतिहासिक तलवारबाजीचे गट याच चित्रांवरून फिओरेचे पवित्रे आणि डाव पुन्हा शिकत आहेत. शपथ घेऊन ऐकलेले धडे त्या शिष्यांबरोबर गेले. कागदावर उतरलेले तेवढे टिकले.