आम्लाच्या थेंबाने दात वाचवणारा संशोधक

किडलेला दात भरताना दंतवैद्य आज त्यावर बहुधा एक निळसर जेल लावतात, अर्ध्या मिनिटाच्या आत ते धुऊन टाकतात आणि मग दाताच्या रंगाचे द्रव्य भरतात. या छोट्याशा कृतीचे जनक म्हणजे अमेरिकी दंतसंशोधक मायकेल बुओनोकोरे.

बुओनोकोरे यांचा जन्म १९१८ सालचा. कोडॅक कंपनीचे संस्थापक जॉर्ज ईस्टमन यांच्या देणगीतून न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरात उभ्या राहिलेल्या दंतचिकित्सालयात त्यांनी संशोधन केले. त्या काळी दात भरण्याच्या शास्त्रावर जी. व्ही. ब्लॅक यांच्या नियमांचा पगडा होता. चांदी किंवा सोने दाताला चिकटत नसे. ते अडकून राहावे म्हणून आत रुंद आणि तोंडाशी अरुंद अशी खाच कोरावी लागे. लहानशा किडीपायी निरोगी दाताचाही बराच भाग बळी जाई. नव्याने आलेले ॲक्रिलिक दाताच्या रंगाचे होते, पण तेही धड चिकटत नसे. कडेला फट राही आणि तिच्यातून लाळ व जंतू आत शिरत.

बुओनोकोरे यांना वाट सापडली ती कारखानदारीत. धातूवर रंग पक्का बसावा म्हणून तेथे फॉस्फरिक आम्लाने पृष्ठभागावर प्रक्रिया करीत. हाच उपाय त्यांनी दाताच्या इनॅमलवर करून पाहिला. ८५ टक्के तीव्रतेचे आम्ल ३० सेकंद लावून त्यांनी ते धुतले आणि त्या जागी ॲक्रिलिकचे थेंब बसवले. प्रक्रिया न केलेल्या दातावरचे थेंब लवकर निखळत, तर आम्ल लावलेल्या दातावरचे कित्येक आठवडे टिकून राहत. हे निष्कर्ष १९५५ मध्ये 'जर्नल ऑफ डेंटल रिसर्च'मध्ये प्रसिद्ध झाले.

मात्र दंतवैद्यांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही. दात किडतो तोच मुळी आम्लामुळे; मग ते आपण होऊन दाताला कसे लावावे, ही धास्ती होती. शिवाय १९५६ मध्ये इनॅमलखालच्या दंतिनला राळ चिकटवण्याचा त्यांचा प्रयत्न ओलाव्यापुढे टिकला नाही. इनॅमल जवळजवळ संपूर्ण खनिजाचे असते. दंतिनमध्ये मात्र पाणी आणि प्रथिने बरीच असतात. ते कोडे पुढे इतरांना सोडवावे लागले.

बुओनोकोरे यांनी मात्र काम सोडले नाही. आम्लामुळे इनॅमलमध्ये सूक्ष्म छिद्रे पडतात, त्यांत पातळ राळ शिरून घट्ट होते आणि तिचे असंख्य तंतू दातात रुतून बसतात, हे साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले. त्याच सुमारास मुलांच्या दाढांवरील खोल खाचा कीड लागण्याआधीच राळेने बुजवण्याचे तंत्र त्यांनी पुढे आणले. १९७० मध्ये त्यासाठी अतिनील प्रकाशाने घट्ट होणाऱ्या राळेचा वापर त्यांनी मांडला. एव्हाना राफेल बोवेन यांनी शोधलेली अधिक टिकाऊ राळही हाती आली होती. त्यामुळे दंतवैद्यांचा या पद्धतीवर विश्वास बसू लागला.

१९८१ मध्ये बुओनोकोरे यांचे निधन झाले. आज आम्लाची तीव्रता ३५ ते ३७ टक्क्यांवर आली आहे. पद्धत मूळचीच आहे. वेडेवाकडे दात सरळ करण्यासाठी चिकटवले जाणारे ब्रॅकेट, पुढच्या दातांवरील चिनीमातीचे पातळ पापुद्रे आणि तुटलेल्या दाताची डागडुजी, या साऱ्यांचा आधार तीच आहे. भरणे टिकावे म्हणून निरोगी दात कोरण्याची गरज तिने पुष्कळच कमी केली.