विश्लेषण : प्रबंध पूर्ण, तोंडी परीक्षा उत्तीर्ण, तरीही पीएच.डी. नाही! मेरी कॅल्किन्स यांना हार्वर्डने पदवी का नाकारली?

प्रवेश, अभ्यासक्रम, प्रयोग, प्रबंध आणि तोंडी परीक्षा... मानसशास्त्रात पीएच.डी. करायची तर साधारण एवढ्या पायऱ्या चढाव्या लागतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेरी व्हिटन कॅल्किन्स (१८६३-१९३०) यांनी पहिली वगळता सर्व पायऱ्या पार केल्या. पहिली पायरी, म्हणजे रीतसर प्रवेश, हार्वर्डने त्यांना शेवटपर्यंत दिला नाही. पुढे दुसऱ्या संस्थेची पदवी चालून आली, तेव्हा मात्र कॅल्किन्स यांनीच ती नाकारली. असे का घडले?

ग्रीकच्या शिक्षिका मानसशास्त्राकडे कशा वळल्या?

कॅल्किन्स यांचा जन्म ३० मार्च १८६३ रोजी कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते. स्मिथ कॉलेजमधून पदवी घेतल्यानंतर १८८७ मध्ये त्या बोस्टनजवळच्या वेलस्ली या महिला महाविद्यालयात ग्रीक भाषा शिकवू लागल्या. मानसशास्त्र तेव्हा नवीन शास्त्र होते आणि ते शिकवणारी माणसे मोजकीच होती. वेलस्लीने कॅल्किन्स यांना हा विषय शिकवण्याची जबाबदारी देऊ केली. अट एकच होती, आधी वर्षभर त्याचा अभ्यास करायचा.

हार्वर्डमध्ये त्या ‘पाहुण्या’ का होत्या?

विल्यम जेम्स आणि जोसाया रॉइस हे या क्षेत्रातील दोन दिग्गज प्राध्यापक हार्वर्डमध्ये होते. त्यांच्या वर्गांना बसू देण्याची विनंती कॅल्किन्स यांनी केली. दोन्ही प्राध्यापक तयार होते. पण विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांचा सहशिक्षणाला विरोध होता. वडिलांनी अर्ज केला, वेलस्लीकडूनही शब्द टाकला गेला. अखेर ऑक्टोबर १८९० मध्ये परवानगी मिळाली, मात्र पाहुणी म्हणून. विद्यार्थिनी म्हणून नोंद होणार नाही, हे बजावण्यात आले.

जेम्स यांच्या वर्गातील इतर विद्यार्थी पहिल्या काही आठवड्यांतच गळाले आणि कॅल्किन्स एकट्याच उरल्या. त्याच वर्षी जेम्स यांचा मानसशास्त्रावरील दोन खंडांचा गाजलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. तो खुद्द लेखकाकडून, समोरासमोर बसून शिकण्याची संधी त्यांना मिळाली.

प्रयोगांची सुरुवात कुठून झाली?

प्रयोगाची पद्धत त्या क्लार्क विद्यापीठातील एडमंड सॅनफर्ड यांच्याकडे शिकल्या. दोघांनी स्वतःच्याच स्वप्नांच्या नोंदी ठेवल्या. गजर लावून रात्री वेगवेगळ्या वेळी उठायचे आणि आठवेल ते लगेच लिहून काढायचे, अशी रीत होती. कॅल्किन्स यांनी २०५, तर सॅनफर्ड यांनी १७० स्वप्ने नोंदवली. जागेपणी भेटलेली माणसे, पाहिलेल्या जागा हेच बहुतेक स्वप्नांत उतरते, असे त्यातून दिसले. सिग्मंड फ्रॉइड यांनीही स्वप्नांवरील आपल्या ग्रंथात या अभ्यासाची दखल घेतली.

१८९१ मध्ये वेलस्लीत परतून त्यांनी अवघ्या २०० डॉलरच्या निधीतून मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभारली. अमेरिकेतील महिला महाविद्यालयात सुरू झालेली ही अशी पहिली प्रयोगशाळा.

पीएच.डी.चे संशोधन नेमके काय होते?

१८९२ मध्ये जर्मनीहून ह्युगो म्युन्स्टरबर्ग हार्वर्डच्या प्रयोगशाळेची सूत्रे हाती घेण्यासाठी आले. त्यांच्या हाताखाली, पुन्हा पाहुणी म्हणूनच, कॅल्किन्स यांनी स्मरणशक्तीवर काम केले. एक रंग दाखवायचा, पाठोपाठ एक आकडा दाखवायचा. अशा अनेक जोड्या झाल्या की फक्त रंग दाखवून आकडा विचारायचा. एखादी जोडी ठळक दिसली म्हणून, ताजी आहे म्हणून, की वारंवार आली म्हणून अधिक लक्षात राहते, हे त्यांनी तपासले. सर्वाधिक परिणाम वारंवारतेचा आढळला. जोड्यांची ही पद्धत स्मरणशक्तीच्या प्रयोगांत आजही वापरली जाते.

तोंडी परीक्षेनंतर काय झाले?

कॅल्किन्स यांना पीएच.डी.साठी रीतसर उमेदवार मानावे, अशी विनंती म्युन्स्टरबर्ग यांनी १८९४ मध्ये केली. विद्यापीठाने ती फेटाळली. तरीही विभागाने माघार घेतली नाही. मे १८९५ मध्ये जेम्स, रॉइस, म्युन्स्टरबर्ग आदींनी त्यांची अनौपचारिक तोंडी परीक्षा घेतली आणि पीएच.डी.च्या सर्व अटी पूर्ण झाल्याचे विद्यापीठाला कळवले. तरीही पदवी मिळाली नाही. कारण गुणवत्तेचे नव्हते, त्या स्त्री होत्या एवढेच होते.

काळच तसा होता, असे म्हणून हे सोडून देता येत नाही. १८९४ मध्येच कॉर्नेल विद्यापीठाने मार्गारेट वॉशबर्न यांना मानसशास्त्रात पीएच.डी. दिली होती. येल विद्यापीठानेही महिलांना ही पदवी देण्यास सुरुवात केली होती.

चालून आलेली पदवी का नाकारली?

हार्वर्डशी संलग्न रॅडक्लिफ या महिला महाविद्यालयाने १९०२ मध्ये कॅल्किन्स यांच्यासह चार महिलांना पीएच.डी. देऊ केली. तिघींनी ती स्वीकारली. म्युन्स्टरबर्ग यांनीही कॅल्किन्स यांना स्वीकारण्याचा आग्रह केला. पण आपण रॅडक्लिफमध्ये शिकलोच नाही, सारे काम हार्वर्डमध्ये केले. मग पदवी तिथलीच हवी, ही त्यांची भूमिका होती. रॅडक्लिफची पदवी घेतली असती, तर हार्वर्डला आपला नियम बदलण्याचे कारणच उरले नसते. या निर्णयाची किंमतही मोठी होती, कारण त्यानंतर डॉक्टरेटची वाट जवळपास बंदच झाली.

पदवीविना त्यांचे काही अडले का?

कामाच्या बाबतीत तरी नाही. १९०५ मध्ये त्या अमेरिकी मानसशास्त्र संघटनेच्या, तर १९१८ मध्ये अमेरिकी तत्त्वज्ञान संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. मानसशास्त्राच्या केंद्रस्थानी ‘स्व’ असावा, ही मांडणी त्यांनी आयुष्यभर केली. कोलंबिया विद्यापीठाने १९०९ मध्ये त्यांना मानद डॉक्टरेट दिली. १९२७ मध्ये हार्वर्डच्याच नामवंत माजी विद्यार्थ्यांनी त्यांना पीएच.डी. द्यावी, असा अर्ज केला. तोही फेटाळला गेला. १९२९ मध्ये त्या वेलस्लीतून निवृत्त झाल्या आणि फेब्रुवारी १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. रॅडक्लिफच्या विद्यार्थिनींना हार्वर्डच्या नावाने पदव्या मिळू लागल्या, त्या १९६३ मध्ये.